सुटे भाग जोडून एमटीबी बांधायची आहे: या चारपैकी फ्रेम कोणती? (इंदूर, चोरल–जानापाव पट्टा)

सुदामानगरी

नमस्कार मंडळी. सिमरोल, चोरल, तिंछा, जानापाव या बाजूला चालवायला एमटीबी (डोंगरवाटांची माउंटन बाइक) बांधतोय. तयार सायकल नकोय. पुढचे भाग हातात आहेत:

फोर्क 29 इंची, 120 मिमी ट्रॅव्हल, टेपर्ड स्टिअरर (वर अरुंद, खाली रुंद होणारी फोर्कची नळी), 15×110 अ‍ॅक्सल. मागचं चाक 148×12 बूस्ट (हब 148 मिमी रुंद), 30 मिमी आतल्या रुंदीची रिम. टायर 2.35. क्रँक 24 मिमी स्पिंडलचा, चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर) 52. हायड्रॉलिक ब्रेक, मागे 180 चा रोटर. ड्रॉपर (चालवताना सीट वर-खाली करणारा सीटपोस्ट) अजून घेतला नाही.

उंची 172 सेमी, इनसीम (पायाची आतली लांबी) 79 सेमी.

समोर असलेल्या फ्रेम:

1) नवी अ‍ॅल्युमिनियम हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली). 6061, रीच (क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत आडवं अंतर) 440, स्टॅक (तेच उभं अंतर) 625, हेड अँगल (हेड ट्यूबचा कल) 66.5 (120 च्या फोर्कवर), चेनस्टे (क्रँककडून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) 435, सीट ट्यूब 430, सीटपोस्ट 31.6, प्रेसफिट बीबी (क्रँक फिरतो ते बेअरिंग, दाबून बसवायचा पीएफ92 प्रकार), 148×12, यूडीएच हँगर (मागचा डिरेल्युअर लागतो तो सुटा तुकडा). टायर 2.4 पर्यंत चालेल असं लिहिलंय.
2) नवी क्रोमोली 4130 (स्टील). हेड ट्यूब सरळ 44 मिमी, आट्यांची बीबी (बीएसए 73), मागे 142×12, सीटपोस्ट 30.9.
3) बिनब्रँडची कार्बन फ्रेम, ऑनलाइन. रीच 430, हेड अँगल 69.5 (100 च्या फोर्कवर), पीएफ92, 148×12.
4) वापरलेली फुल सस्पेन्शन, 27.5 इंची, 130 मिमी ट्रॅव्हल, 142×12, शॉकसकट.

पावसाळ्यातही चालवणार आहे. वजनाचा हट्ट नाही. कोणती घेऊ, आणि घेण्याआधी काय मोजू?

---

खराद_सांवेररोड

4 नंबर आत्ताच यादीतून काढा. तुमची चाकं आणि फोर्क दोन्ही 29 चे, ती फ्रेम 27.5 ची आणि मागे 142. अर्ध्याहून अधिक सामान पुन्हा घ्यावं लागेल. त्यात सस्पेन्शनचा खर्च घेतानाच संपत नाही. शॉकच्या एअर कॅनची सर्व्हिस साधारण 50 तासांनी, डँपरची (धक्का मंदावणारा तेलाचा भाग) 200 तासांच्या आसपास, आणि डँपरच्या कामाला नायट्रोजन भरायची सोय लागते. पिव्हटचे (फ्रेमच्या हलत्या सांध्यांचे) बेअरिंग तर काळ्या मातीत एका पावसाळ्यात खरखरायला लागतात.

बाकी तीन फ्रेम बघताना एक क्रम ठेवा. जे नंतर बदलताच येत नाही ते आधी तपासा: मागच्या अ‍ॅक्सलची रुंदी, हेड ट्यूबचं भोक, बीबीचा प्रकार, टायरला सुटणारी जागा आणि रीच. वजन, रंग, केबल आतून की बाहेरून, हे नंतर. लोक उलट्या क्रमाने बघतात आणि शेवटी अडॅप्टर शोधत बसतात.

---

पेडल_ताई

वरच्या प्रतिसादाशी सहमत. 2 नंबरबद्दल एक गोष्ट स्पष्ट करते, कारण यात खूप गोंधळ होतो.

135 क्विक रिलीज आणि 142×12 यांचे हब जवळपास एकच. 142 मध्ये ड्रॉपआउटला दोन्हीकडे 3.5 मिमीची खाच असते आणि हब तिच्यात बसतो. पुष्कळ हब नुसत्या एंड कॅप बदलून इकडचे तिकडे चालतात. पण 148 वेगळं आहे. त्यात हबच्या दोन्ही कडा आणि रोटर प्रत्येकी 3 मिमी बाहेर सरकवलेले असतात. म्हणून 142 चं चाक 148 च्या फ्रेममध्ये स्पेसर टाकून, रोटरखाली चकती घालून आणि आरे थोडे ओढून बसवता येतं. 148 चं चाक 142 च्या फ्रेममध्ये बसत नाही. कापून, घासून, फाकवूनही नाही.

म्हणजे दादा, 2 नंबर घेतलीत तर मागचा हब नवा, आरे नवे (लांबी बदलते) आणि चाक पुन्हा बांधायची मजुरी. चेनलाइनही 52 वरून 49 कडे आणावी लागेल. डायरेक्ट माउंट चेनरिंग असेल तर 3 मिमी ऑफसेटच्या जागी 6 मिमी ऑफसेटची रिंग लावून ते जमतं.

---

माळवी_चाक

मी तरी स्टीलच्या बाजूने. हबचा खर्च एकदाच होतो. बीएसए बीबी आयुष्यभर त्रास देत नाही, आणि फ्रेम पडली-झडली तर टिग किंवा ब्रेझिंगने सांधता येते. 6061 चं तसं नाही. ती फ्रेम वेल्ड झाल्यावर कारखान्यात भट्टीत घालून टी6 दर्जाला आणलेली असते. नंतर कोणी आर्गनने टाका मारला की टाक्याच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो, आणि पुढची चीर तिथेच, टाक्याला लागून पडते. गल्लीतला वेल्डर कितीही हुशार असू द्या, भट्टी त्याच्याकडे नसते.

---

खराद_सांवेररोड

@माळवी_चाक, सांधता येते हे खरं, पण 4130 च्या नळीची जाडी मधे 0.6–0.7 मिमी आणि टोकाला 0.9 च्या आसपास असते. गेट-ग्रिल जोडणारा हात त्यावर चालत नाही, नळीला भोक पडतं. असा हात शहरात आहे का हे आधी बघा आणि मगच "दुरुस्त होते" हा मुद्दा धरा.

शिवाय स्टीलला आतून गंज लागतो. सीट ट्यूबमधून पाणी उतरतं आणि बीबी शेलमध्ये साचतं. कारच्या दारांच्या आत मारतात तो मेणाचा अँटी-रस्ट स्प्रे घ्यायचा. सीटपोस्ट, फोर्क, बीबी काढलेली असतानाच प्रत्येक नळीत मारायचा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून रात्रभर ठेवायची. बीबी शेलच्या तळाला निचऱ्याचं भोक आहे का बघा. असेल तर ते मातीने बुजू देऊ नका.

---

तिंछा_उतार

सगळे अ‍ॅक्सल-बीबीवर बोलताय, आणि पावसाळ्यात चालवणार म्हटल्यावर सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा राहिला: टायरला जागा किती.

"2.4 पर्यंत चालेल" याचा अर्थ कोरड्यात, नव्या सरळ चाकात, घासत नाही एवढाच. आपल्याकडे महू-सिमरोल सोडलं की शेतांमधले रस्ते काळ्या मातीचे. पाऊस पडून दोन दिवस झाले की ती माती टायरला थर धरते, चेनस्टेच्या खाचेत दाबून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. तिच्यात मुरमाचे खडे असतात. चाक जबरदस्तीने फिरवत राहिलं की ते खडे कानशीसारखे आतल्या बाजूने चेनस्टे घासतात. आधी रंग जातो, मग धातू. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ चेनस्टेवर अशी घासलेली फ्रेम पुढे तिथेच चिरते, आणि कार्बनचे धागे एकदा उघडे पडले की भरवसा संपतो.

मोजायचं कसं: दुकानात चाक नसलं तरी जमतं. 29 च्या रिमची बैठक 622 मिमी व्यासाची, म्हणजे त्रिज्या 311. 2.35 चा टायर 30 च्या रिमवर साधारण 60 मिमी रुंद होतो आणि त्याची सगळ्यात रुंद जागा अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सुमारे 340 मिमीवर येते. बाहेरची कड सुमारे 370 वर.

तर ड्रॉपआउटच्या भोकाच्या मध्यापासून चेनस्टेच्या कडेने 340 मिमीवर पेन्सिलची खूण करा आणि तिथे दोन चेनस्टेंमधलं आतलं अंतर व्हर्नियरने मोजा. 80 मिमी मिळालं तर दोन्हीकडे 10-10 सुटतात, पावसाळ्याला छान. 75 असेल तर चालवता येईल, पण मधेमधे काडीने माती काढावी लागेल. 72 च्या खाली असेल तर आपल्या भागासाठी ती फ्रेम नको, कागदावर काहीही लिहिलेलं असो. मग 370 वर खूण करून बीबीच्या मागच्या पुलापर्यंत किती उरतं ते बघा. तिथेही 10 तरी हवेत. सीटस्टेचा पूल विसरू नका, बऱ्याचदा माती आधी तिथेच अडते.

---

सुदामानगरी

@तिंछा_उतार, हे फार कामाचं आहे. 1 नंबर इथल्या एका दुकानात प्रत्यक्ष बघायला मिळणार आहे, व्हर्नियर घेऊन जातो. बीबी प्रेसफिट असल्यामुळे मन कचरतंय. किती त्रास होतो?

---

खराद_सांवेररोड

प्रेसफिटची भीती वाजवीपेक्षा जास्त आहे, पण बिनबुडाची नाही. पीएफ92 मध्ये शेल 91.5 मिमी रुंद आणि भोक 41 मिमी. त्यात नायलॉनचे कप दाबून बसवतात. भोक गोल असेल आणि डावं-उजवं भोक एका रेषेत असेल तर आवाज येत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेल अंडाकृती झाला असेल आणि कारखान्याने नंतर रीम केला (भोक आतून गोल कापून घेतलं) नसेल, तर कप किंचित हलतो, बारीक माती आत शिरते आणि चढावर दर पायडलला कटकट सुरू होते. लोक त्यात ग्रीस भरत राहतात. मूळ दोष शेलमध्ये असतो, ग्रीसने तो जात नाही.

व्हर्नियर इथे पुरेसा नाही, बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजणारं साधन) हवा. चांगल्या खरादीकडे तो असतो. तीन खोलींवर, प्रत्येक खोलीवर दोन दिशांना मोजायला सांगा. दोन दिशांमधला फरक 0.05 मिमीपेक्षा जास्त निघाला तर फ्रेम परत करा. नवी आहे, दुकानदाराने बदलून द्यायला हवी. फरक त्याच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. वर दोन्ही कप मधे एकमेकांत आट्यांनी जोडले जातात असा धातूचा बीबी पीएफ92 साठी मिळतो. थोडा महाग, पण दोन्ही कप आपोआप एका रेषेत राहतात आणि आवाज बहुतेक वेळा मुळातच येत नाही.

एक विनंती. कप हातोडीने आणि लाकडी ठोकळ्याने बसवू देऊ नका. तिरका गेलेला कप शेल कायमचा खराब करतो. प्रेस नसेल तर जाड आट्यांचा रॉड, दोन नट आणि शेलच्या तोंडापेक्षा मोठे सपाट वॉशर एवढ्यात काम होतं. एक कप आधी, मग दुसरा, दोन्ही एकदम नाही.

---

माळवी_चाक

आणि बीएसए घेतलीत तर: उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचे. 73 च्या शेलला 24 मिमीच्या क्रँकसोबत उजवीकडे 2.5 मिमीचा एकच स्पेसर. 68 च्या शेलला तीन, दोन उजवीकडे आणि एक डावीकडे. कप 35 ते 50 न्यूटन-मीटर, डाव्या क्रँकचे दोन बोल्ट 12 ते 14, दोन्ही आळीपाळीने. हे लिहून ठेवा, कारण डावीकडचा स्पेसर चुकून राहिला की क्रँक आवळूनही खेळतो आणि लोक बेअरिंगला दोष देतात.

---

पेडल_ताई

आता मापांकडे येते. 172 सेमीला 440 रीच बरोबर आहे. 430 ते 455 या पट्ट्यात तुम्ही कुठेही आरामात बसाल. 3 नंबरचं 430 कागदावर ठीक वाटतं, पण ते 100 च्या फोर्कवर मोजलेलं आहे. तुमचा फोर्क 120 चा. 20 मिमी लांब फोर्क लावला की फ्रेम मागे कलते: हेड अँगल साधारण 1 अंशाने कमी होतो, बीबी 7 मिमी वर जाते आणि रीच जवळजवळ 10 मिमी घटतं. म्हणजे हातात 420 उरलं, आणि सीट अँगलही तेवढाच मागे गेला. जानापावच्या शेवटच्या चढावर पुढचं चाक उचलायला लागेल. शिवाय 100 साठी बनवलेल्या हेड ट्यूबच्या सांध्यावर लांब फोर्कचा जास्त ताण येतो, आणि कंपनीने 120 ची परवानगी दिली नसेल तर वॉरंटीही राहत नाही.

तुलना करताना दोन फ्रेमची मापं एकाच लांबीच्या फोर्कवर आणून ठेवा. ट्रॅव्हल सारखं असूनही अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंतची लांबी वेगळी असू शकते. 29 च्या 120 फोर्कची ती साधारण 510 ते 520 असते. तुमच्या फोर्कची स्वतः टेपने मोजा.

ड्रॉपरचं गणित. सीटची उंची इनसीमच्या 0.883 पट धरली तर 79 × 0.883 = 69.8 सेमी, म्हणजे बीबीच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत 700 मिमी धरा. 1 नंबरची सीट ट्यूब 430, उरले 270. 150 च्या ड्रॉपरला कॉलरपासून सीटच्या रेलपर्यंत सुमारे 200 मिमी लागतात, वर सीटची जाडी 45. एकूण 245. बसतो, 25 मिमी हाताशी राहतात. 170 ला हाताशी जेमतेम 5 मिमी उरतात, म्हणून तो नको. पण दुसरी बाजू बघायची राहते: 150 च्या ड्रॉपरचा खालचा भाग 230 ते 250 मिमी आत जातो. सीट ट्यूबमध्ये तेवढी सरळ, मोकळी खोली हवी. बाटलीच्या बोल्टची रिव्हेट आत डोकावत असेल किंवा नळी खाली वाकलेली असेल तर ड्रॉपर मधेच अडतो. काठीवर खूण करून आत घालून बघा.

---

जानापाव_881

3 नंबरबद्दल एवढंच: विक्रेत्याकडे आयएसओ 4210 (सायकलच्या सुरक्षेचं मानक) च्या भाग 6 चा, म्हणजे फ्रेम आणि फोर्कच्या चाचण्यांचा, अहवाल मागा, त्याच साच्याच्या फ्रेमचा. नाही मिळाला तर पुढे जाऊ नका. सुटा हँगर मिळतो का हेही विचारा. बिनब्रँडच्या फ्रेमचा हँगर तुटला आणि तसाच दुसरा मिळाला नाही तर फ्रेम खोळंबून पडते. 1 नंबरचा यूडीएच एका मापाचा, अनेक कंपन्यांच्या फ्रेमला तोच, म्हणून दोन घेऊन एक पिशवीत ठेवायचा.

---

सुदामानगरी

मोजून आलो. 1 नंबर: 340 वर 79 मिमी. पुलाजवळ 14. सीटस्टेच्या पुलाखाली 12. बीबीचं भोक उद्या बोअर गेजने बघणार. काठी सीट ट्यूबमध्ये 265 पर्यंत मोकळी गेली. हेड ट्यूबवर वर 44 आणि खाली 56 लिहिलंय. मागचा ब्रेक पोस्ट माउंट (कॅलिपर थेट बोल्टने बसतो ती जागा), 160 चा.

आणखी काही बघायचं राहिलंय का? मन 1 नंबरकडे झुकलंय.

---

तिंछा_उतार

79 उत्तम. घ्या.

---

माळवी_चाक

माझं मत स्टीलचंच, पण 148 चं चाक हातात असताना तुमच्यासाठी 1 नंबर बरोबर, हे मान्य. हेड ट्यूबबद्दल: 44/56 म्हणजे वर झेडएस44, खाली झेडएस56 चा हेडसेट (फोर्क फिरतो ते बेअरिंग), टेपर्ड फोर्क सरळ बसतो. 2 नंबरच्या 44 च्या सरळ नळीत टेपर्ड फोर्क लावायला खाली बाहेरचा कप (ईसी44/40) लागला असता आणि पुढचा भाग 12 मिमीच्या आसपास उचलला गेला असता. तिच्या मापांच्या तक्त्यात तो कप धरलाय की नाही हे कोणी विचारत नाही, आणि मग हेड अँगल अर्ध्या अंशाने चुकतो. इतर कोणी ती फ्रेम घेत असेल तर विचारा.

ब्रेक: 160 च्या पोस्ट माउंटवर 180 चा रोटर म्हणजे +20 चा अडॅप्टर आणि लांब बोल्ट. फ्रेम जास्तीत जास्त किती मापाचा रोटर सोसते ते तक्त्यात बघून घ्या, काही हलक्या फ्रेमवर 180 हीच मर्यादा असते.

---

खराद_सांवेररोड

फ्रेम हातात आली की जोडणीआधी या तीन गोष्टी करा, याच क्रमाने.

पहिली, सरळपणा. एका ड्रॉपआउटला पातळ सुतळी बांधा, पुढे नेऊन हेड ट्यूबला वळसा घाला, दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत मागे आणून ताणून बांधा. सीट ट्यूबपासून डाव्या आणि उजव्या सुतळीचं अंतर मोजा. फरक 2 मिमीच्या आत हवा. 3 च्या वर असेल तर परत करा, वाकवून सरळ करायला देऊ नका. अ‍ॅल्युमिनियम थंडपणी वाकवलं की चिरेचं बीज तिथेच पडतं.

दुसरी, रंग. पोस्ट माउंटच्या दोन तोंडांवर आणि हेड ट्यूबच्या दोन्ही कडांवर पावडर कोटिंगचा थर असतो. ब्रेकच्या तोंडांवर तो असमान असेल तर कॅलिपर तिरका बसतो आणि पॅड एका बाजूने घासतो, कितीही वेळा मधोमध आणा. त्याला फेसिंगचा (तोंड सपाट करणारा) कटर लागतो. तो हातानेच फिरवतात, फ्रेम लेथवर धरता येत नाही. ज्या दुकानात फेसिंगचा संच आहे तिथेच द्या. कानस मारायला सांगू नका, तोंड गोलाकार होतं.

तिसरी, मागच्या अ‍ॅक्सलचे आटे. 12 मिमीच्या थ्रू अ‍ॅक्सलचे आटे 1.0, 1.5 आणि 1.75 अशा पिचचे येतात, लांब्याही वेगवेगळ्या. यूडीएचची फ्रेम असेल तर 1.0. अ‍ॅक्सल फ्रेमसोबत आला नसेल तर पिच आणि लांबी दोन्ही विचारूनच मागवा. आटे दोन-तीन फेरे हाताने बसले पाहिजेत. पाना लावावा लागला तर तो अ‍ॅक्सल चुकीचा, ताबडतोब थांबा.

---

पेडल_ताई

त्यात एक भर: टायर चढवण्याआधी चेनस्टेच्या आतल्या बाजूला, तिंछा_उतार यांनी सांगितलेल्या 340 ते 370 च्या पट्ट्यात, जाड पारदर्शक पीपीएफ (रंग वाचवणारी फिल्म) चिकटवा, गाड्यांच्या दारांना लावतात तीच. फ्रेम धुळीची आणि तेलाची राहू देऊ नका, स्पिरिटने पुसून मगच. केबलच्या आत जाण्याच्या भोकांना रबरी बूच आहेत का बघा. नसतील तर पाणी थेट बीबीत उतरतं.

---

सुदामानगरी

बोअर गेजचं माप आलं: डावीकडे दोन दिशांत 0.02 चा फरक, उजवीकडे 0.03. फ्रेम घेतली. धातूचा जोडणारा बीबी मागवलाय, हेडसेट झेडएस44/झेडएस56. अ‍ॅक्सल फ्रेमसोबतच आलाय, 1.0 पिच, हाताने पूर्ण आत गेला. सुतळीचं माप संध्याकाळी टाकतो.

---

सुदामानगरी

डावीकडे 31.0, उजवीकडे 31.5. पोस्ट माउंटवर रंगाचा थर दिसतोय, फेसिंगला देतोय. ड्रॉपर 31.6, 150 चा.

---

खराद_सांवेररोड

अर्धा मिमी म्हणजे सरळच. ड्रॉपर धरणाऱ्या सीट ट्यूबच्या क्लँपचा बोल्ट 5 न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळा, पोस्टवर कंपनीने आकडा छापलेला असेल तर तोच धरा. जास्त आवळला की पोस्टची बाहेरची नळी दाबली जाते आणि ड्रॉपर वर यायला अडखळतो, मग केबलमध्ये दोष शोधत दिवस जातो.